एका खाटेवरून आपलं भांडण

शीला, उद्या वसतिगृहाच्या समितीची सभा आहे. सभा संपली की लगेच नव्या पोरींच्या मुलाखती. आज सकाळी चहा केला आणि तसाच ओतून दिला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अवं, सभा हाय का बाळंतपन? इतकी काहून घाबरून राह्यली?" तू असतीस तर मी घाबरलेच नसते, तेच तर सांगतेय.

गेल्या आठवड्यात अकोल्याला तुझ्या पुण्यानुमोदनाला, तू गेल्यानंतरच्या वंदनेला आणि शोकसभेला, आले होते. जुन्या शहरात तुझ्या भावाच्या गल्लीत मांडव घातला होता. वंदना झाली आणि लोक एकेक करून बोलायला उठले. तू कुठं शिकलीस, कुठं शिकवलंस, किती पोरी मार्गी लावल्यास. सगळं खरं होतं आणि त्यात तू कुठेच नव्हतीस. मग तुझा भाऊ सुधाकर माझ्याकडे वळून म्हणाला, "सुनंदाताई, तुमी बोला. तुमाले तिचं आमच्याहून जास्त माहीत." मी उभी राहिले. समोर पांढऱ्या साड्यांमध्ये तुझी वहिनी, तुझ्या भाच्या, शेजारपाजारच्या बायका. माझ्या तोंडाशी एकच वाक्य आलं होतं, आमचं भांडण अजून संपलेलं नाही. अशा जागी ते कसं बोलणार? हात जोडले आणि खाली बसले.

परत येताना गाडीत सबंध रस्ता मला वाटत राहिलं की लोकांना वाटलं असेल, ही कसली मैत्रीण, दोन शब्द बोलता आले नाहीत.

तू आमच्या ज्युनिअर कॉलेजात रुजू झालीस तो दिवस आठवतो. मी गणित शिकवत होते, तू भूगोलाची म्हणून आलीस. स्टाफरूममध्ये एक जुने सर मला म्हणाले, "अरे वा, तुमच्याच आडनावाच्या बाई आल्या. इंगळे." मग तुझ्याकडे वळून त्यांनी हसत विचारलं, "कोणते इंगळे तुम्ही?" आपल्या वऱ्हाडात हा प्रश्न कशासाठी विचारतात ते सगळ्यांना माहीत असतं. इंगळे कुणब्यांत आहेत, इंगळे बौद्धांत आहेत, आडनावावरून काही कळत नाही म्हणून पुढचं विचारतात. तू खुर्ची ओढलीस, बसलीस आणि म्हणालीस, "भूगोलाचे." सगळे खो खो हसले. मीही हसले. मग माझं लक्ष गेलं तर तू हसत नव्हतीस. पिशवीतून डबा काढून शांतपणे उघडत होतीस. त्या दिवसापासून पोरांसाठी आपण गणिताच्या इंगळे मॅडम आणि भूगोलाच्या इंगळे मॅडम झालो.

तास संपले की आपला वाद व्हायचा तो मात्र ना गणितावर ना भूगोलावर. माणसं वरखाली कशी झाली आणि ती सारखी कशी होतील, यावर. माझं म्हणणं सरळ होतं. ज्याच्या हातात काही नाही तो खाली राहतो. त्याच्या हाती जमीन, शिक्षण, पगार आला की बाकीचं आपोआप झडून जाईल. तुला ते 'आपोआप' सहन व्हायचं नाही.

"तुह्या आज्याले जमीन कोनं देल्ली?" तू एकदा विचारलंस.

"कोनं कायले देईन? आधीपासूनच होती."

"तेच तं. आमच्या घरात कोन्तीच वस्तू आधीपासूनची नाई, सुनंदा. सारं आता आता आनलेलं हाय. तुमचं आधीपासून कधी सुरू झालं, तेवढं सांग मले."

मी काही गप्प बसणारी नव्हते. "माह्या माहेरी वावर हाय, तं माह्या मायले काय भेटलं? तिच्या नावावर एक धुरा, एक बांध तरी होता काय?" तू घास हातात धरून थांबलीस. "हे बराबर बोलली," असं म्हणालीस. पुढं किती तरी वेळा माझा हा मुद्दा तू माझ्यावरच फिरवलास.

घरी माझे यजमान म्हणायचे, तुम्ही दोघी इतकं भांडता तर एकत्र जेवता कशाला? मी त्यांना समजावून सांगू शकले नाही. माझ्या माहेरी, सासरी, शेजारी सगळे माझ्याशी सहमत होते. सहमत लोकांशी बोलून मला कधी काही नवं सुचलं नाही. तुझ्यासमोर बोलायचं म्हटलं की आदल्या दिवशी विचार करून ठेवावा लागायचा.

निवृत्तीनंतर वसतिगृह चालवणाऱ्या डॉक्टरसाहेबांनी आपल्या दोघींना वसतिगृहाच्या समितीवर घेतलं. खेड्यांतून अमरावतीला शिकायला येणाऱ्या पोरींसाठी छोटंसं वसतिगृह. खाटा थोड्या, मागणाऱ्या पोरी खूप. तिथे पोचल्यावर आपल्या वादाला एकदम वजन आलं. तोपर्यंत आपण नुसतं बोलत होतो. आता जिचं आपण बरोबर मानू तिला खाट मिळणार होती आणि दुसरीला नाही.

गेल्या वर्षी शेवटची एक खाट उरली आणि दारात दोन पोरी होत्या. एक मूर्तिजापूरकडची समीक्षा. बौद्ध, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, घरात पगार येतो. दुसरी माझ्याच नांदगाव खंडेश्वर तालुक्यातली वैष्णवी. कुणब्याची, वडील वारलेले, आई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जाते. वडिलांच्या हिश्श्याची जमीन आहे, पण ती काकाच कसतो. मी म्हटलं, यात विचार करण्यासारखं आहेच काय? वैष्णवी. तू म्हणालीस, समीक्षा.

"पगार हाय ना वं तिच्या घरी! खोली करून राहीन," मी म्हटलं.

"खोली देईन कोन?"

"पैसे असले की देतात."

"तुले देतात," तू म्हणालीस. "तुह्या पोरीले पैसा नाई, ते साऱ्याईले दिसून राह्यलं. माह्या पोरीले दार उघडत नाई, ते कोनाले दिसत नाई. मंग दिसते त्यालेच तुमी गरीब म्हनता."

डॉक्टरसाहेब मध्ये पडले, खजिनदार राऊत घड्याळाकडे पाहत होते. शेवटी हात वर करून ठरलं आणि खाट वैष्णवीला मिळाली. तू बाहेर जाऊन समीक्षाच्या वडिलांशी बोलत उभी राहिलीस. शीला, तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. ज्या पोरीचं शिक्षण त्या खाटेवाचून तिथेच थांबणार होतं, तिला ती मिळाली. तुला आजही ते चूकच वाटलं असतं. हा आपला पहिला न मिटलेला वाद.

पण दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. "चाल, खोली पाहाले. तू म्हनली ना, देतात म्हनून." मी आले. माझ्या ओळखीतल्या एका बाईंशी मी आधीच फोनवर बोलून ठेवलं होतं. त्यांनी आनंदानं होकार दिला होता. तीन मजली घर, वरची खोली रिकामी, कॉलेज चालत जाण्याजोगं. आपण तिघी गेलो. बाईंनी पाणी दिलं, खोली दाखवली, पंखा लावून दाखवला. मग समीक्षाला विचारलं, "घरी कोणाचे फोटो लावता गं तुम्ही?" पोरीनं खरं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, आमच्याकडे मांसाहार चालत नाही. समीक्षा म्हणाली, मी खात नाही. तेव्हा बाईंना आठवलं की नणंदेकडचे लोक राहायला येणार आहेत आणि खोली त्यांना लागेल. हे सगळं त्या इतक्या गोड बोलल्या की भांडायला जागाच नव्हती.

तशी आणखी घरं झाली. कुठे खोली कालच गेलेली होती, कुठे मुलगाच राहायला येणार होता. सगळीकडे तू मला मुद्दाम पुढे ठेवत होतीस आणि मी पुढे असेपर्यंत खोली रिकामी असायची. त्या दिवसांत तू एकदाही म्हणाली नाहीस, पाह्यलं? मी वाट पाहत होते. म्हणाली असतीस तर मला काही तरी उत्तर देता आलं असतं. शेवटी समीक्षाला गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एका बौद्ध कुटुंबात जागा मिळाली. ती ऑटो बदलत कॉलेजला जाते. चांगली शिकते आहे.

मग दिवाळी आली. सुटीत घरी गेलेली वैष्णवी परत आली नाही. फोन केला तर काकानं उचलला. पोरीचं जमलं म्हणाला. मुलाची संत्र्याची बाग आहे, मागणी चालून आली, असं स्थळ पुन्हा मिळणार नाही. मी हताश झाले. माझं माहेर तिकडचं, तिथल्या काकांना मी ओळखते. मी तुला फक्त कळवावं म्हणून फोन केला होता. तू म्हणालीस, "उद्या पयल्या गाडीनं जाऊ."

"तू तं तिच्या इरोधात हात वर केला होता."

"खाटेच्या बाबतीत. लग्नाच्या बाबतीत कोनं इचारलं मले?"

वैष्णवीच्या घरी आपण पोचलो तेव्हा काका बाहेर गेला होता. आई एकटीच होती. तिनं सतरंजी अंथरली. पोरगी आतल्या दाराशी उभी. आईनं माझं माहेर विचारलं, नातं जुळवलं, मग तुझ्याकडे वळली. "आन् तुमी? तुमी बी इंगळेच? कोनते?" तू या वेळी भूगोलाचे म्हणाली नाहीस. "बौद्ध," एवढंच सांगितलंस. ती बाई काही वाईट बोलली नाही. "बरं बरं," म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. चहा आला तेव्हा माझ्या हातात कपबशी होती आणि तुझ्या हातात कागदी कप.

मी उठणार होते. तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली दाबलंस. चहा प्यायलीस. सगळा. मग कप बाजूला ठेवलास आणि त्या बाईशी बोलायला लागलीस.

तू तिला शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही सांगितलं नाहीस. तू विचारलंस, "मालक गेले तवा जमिनीचं काय ठरलं?"

"दीर पाह्यतात."

"तुमच्या नावावर काई चढलं काय?"

"मले काय समजते त्यातलं."

"मंग तुमच्या घरात समजनारं एक मानूस पाह्यजे का नाई? हे पोट्टी अजून दोन-तीन वर्सं शिकली तं सातबारा वाचन, तलाठ्यापाशी उभी राहीन. आज लगन करून देल्लं तं ते दुसऱ्याच्या वावरात निंदन, तुमच्यासारखी. बागवाल्याच्या घरी जाऊन बी. बाग तिच्या नावावर कोनी करून देनार नाई."

ती बाई रडायला लागली. तिला दिराची भीती होती, गावाची होती. काका आला तेव्हा तू त्याच्याशी आवाज चढवला नाहीस. मुलीचं वय किती, एवढंच विचारलंस आणि अठरा पूर्ण नसताना लग्न लावलं तर कोण कोण अडकतं ते मोजक्या शब्दांत सांगितलंस. दिवाळीची सुटी संपल्यावर आठवडाभरात वैष्णवी वसतिगृहात परत आली. तिला तिची आईच सोडायला आली होती. तू त्या दिवशी मुद्दाम आली नाहीस. का, ते मी कधी विचारलं नाही.

वैष्णवीच्या घरून येताना एसटीत मी फार रागावले होते. तुझ्यावर, त्या बाईवर, स्वतःवर. मी म्हटलं, "अडानी हाय बिचारी. गरिबीनं मानूस असं होते."

तू खिडकीतून बाहेर पाहत होतीस. तुरीची शेतं मागे जात होती. "गरिबीनं तिले दिराचं भेव शिकोलं," तू म्हणालीस. "कागदाचा कप गरिबीनं नाई शिकोला, सुनंदा. तुह्या खोलीवालीचे तीन मजले होते."

"मंग तू आज माह्याच मुद्द्यानं कशी बोलली? जमीन, सातबारा?"

"तुह्या मुद्द्यात दम नाई, असं मी कधी म्हनलं? पुरत नाई, इतकंच म्हनलं."

त्यावर मी काही तरी बोलायला हवं होतं. तुला थँक्यू म्हणायला हवं होतं. ज्या घरात तुझ्यासाठी वेगळा कप निघाला त्या घरच्या पोरीसाठी तू बसून राहिलीस. माझ्या लोकांच्या पोरीसाठी. पण आभार मानले असते तर ती पोरगी माझी आणि तू परकी झाली असतीस, असं वाटलं आणि मी गप्प बसले. ते मी बरोबर केलं की चूक, मला कळत नाही. मला वाटायचं तुला कळलं असेल. आता विचारायची सोय नाही.

आणि हे सगळं मी आज का उगाळते आहे, ते सांगते. उद्याच्या सभेत मोहोडभाऊंचा प्रस्ताव आहे. संत्र्याचे व्यापारी मोहोडभाऊ, माझ्या माहेरच्या गावचे, मला ताई म्हणतात. ते आईच्या नावानं वसतिगृहावर वरचा मजला बांधून द्यायला तयार आहेत. अट एकच, त्यातल्या निम्म्या खाटा समाजाच्या गरीब मुलींना राखून ठेवायच्या. समाजाच्या म्हणजे माझ्या, कुणब्यांच्या. राऊत खूश आहेत. डॉक्टरसाहेब थकलेत, ते म्हणतात सगळ्यांचं मत असेल तसं करू. सगळे गृहीत धरून आहेत की मी हो म्हणणार.

हा प्रस्ताव आला तेव्हा तू होतीस. मी तुला तावातावानं सांगितलं आणि तुझ्या भडक्याची वाट पाहिली. तू भडकलीच नाहीस. पाय वर घेऊन खुर्चीत बसली होतीस, थकलेली दिसत होतीस. "घे ना मंग," म्हणालीस. "खाटा वाढतीन." मी म्हटलं, शीला, टोमणा मारू नको, नीट सांग. तू फक्त हसलीस. "नीटच सांगून राह्यली." त्याच आठवड्यात तू गेलीस.

मला तेव्हापासून झोप नाही. तो टोमणा होता का? की तुला बरं नव्हतं आणि वाद नको होता? की तुला खरंच वाटत होतं की चार पोरी जास्त शिकत असतील तर अट गिळावी, जसा तू त्या घरी चहा गिळलास? तुझ्या आवाजातला एक शब्दही मी विसरले नाही आणि अर्थ मात्र लागत नाही. उद्या मी उठून 'शीलाला हे पटलं नसतं' असं म्हणू शकत नाही. तू तर घे म्हणाली होतीस.

आता थांबते.

*

रविवार, संध्याकाळ. सभा झाली. आता सांगते.

मोहोडभाऊ पांढरा कुर्ता घालून आले होते, सगळ्यांसाठी संत्राबर्फी घेऊन. त्यांनी आधी स्वतःच्या बहिणीची गोष्ट सांगितली. शीला, ती लता. मी तिला ओळखते, आम्ही एकत्र लंगडी खेळायचो. दहावीला आमच्या शाळेत पहिली आली होती. अमरावतीला राहायची सोय झाली नाही म्हणून तिचं शिक्षण तिथेच सुटलं. मोहोडभाऊंचे डोळे भरले होते आणि ते खोटं नव्हतं. "आमच्या पोरीईले कोनी नाई इचारत," ते म्हणाले. "शेती हाय म्हनतात अन् फाइल बंद करतात. शेतात काय पिकते, ते आमाले माहीत."

हे तर माझंच बोलणं होतं. वर्षानुवर्षं मी तुझ्याशी हेच भांडत आले. राऊत म्हणाले, "इंगळे मॅडमचा तर पाठिंबाच आहे." आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी उभी राहिले. म्हटलं, "भाऊ, लताचं झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. तशा पोरींना खाट मिळालीच पाहिजे. पण निम्म्या खाटा समाजाच्या म्हटलं की आपल्या दारात आलेल्या पोरीला आपल्याला विचारावं लागेल, कोणते इंगळे? तो प्रश्न शीलाला या गावानं आयुष्यभर विचारला. तोच प्रश्न आता या फाटकावर आपण विचारायचा?"

मोहोडभाऊ रागावले नाहीत, त्यांनी खरंच विचारलं. "मंग सरकार नाई इचारत काय, ताई? साऱ्या फॉर्मवर जात लेहा लागते. त्याले शीलाताईंचा इरोध होता काय?"

शीला, इथे मला तू हवी होतीस. इथे तू एका वाक्यात बोलली असतीस. मी चाचरत म्हटलं, "तिथं विचारतात ते ज्यांना बाहेर ठेवलं होतं त्यांना आत घ्यायला. इथं आपण विचारू ते आपले सोडून बाकीच्यांना बाहेर ठेवायला. प्रश्न एकच दिसतो, पण एक नाही." बोलताना मला जाणवलं की हे माझं वाक्य नाही आणि तुझंही नाही. आपण दोघी इतकी वर्षं भांडलो त्यातून ते कुठून तरी आलं.

"अन् खाटा?" राऊतांनी विचारलं. "मजला गेला तर तेवढ्या पोरी रस्त्यावर. त्यात बौद्धांच्याही असतील, मॅडम. त्यांना काय सांगायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तसं सांगितलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "मोहोड, अट काढा. आईचं नाव मोठ्या अक्षरात लावू. तुमच्या बहिणीसारख्या सगळ्याच पोरी वर झोपतील." मोहोडभाऊ म्हणाले, विचार करून सांगतो. जाताना माझ्यापाशी थांबले. "ताई, तुमी आपल्या असून." एवढंच. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. ते मजला देतील असं मला वाटत नाही. माहेरी आजच फोन गेला असेल. भावजयीचा फोन वाजून गेला, मी घेतला नाही.

मग मुलाखती झाल्या. पोरी एकेक करून आत येत होत्या, कडक इस्त्रीचे ड्रेस, तेल लावलेल्या वेण्या. खाटा आहेत तेवढ्याच. ज्यांना नाही म्हणावं लागलं त्यांत मेळघाटातून आलेली एक कोरकू आदिवासी पोरगी होती. बापाबरोबर पहाटे निघाली होती. कागद अर्धवट, मुदत निघून गेलेली, राऊतांनी नियम दाखवला. वरचा मजला असता तर नियम वाकवता आला असता. बाप म्हणाला, "बरं, मॅडम." तो 'बरं' मला अजून ऐकू येतोय. आपण दोघी जमीन आणि जात करत भांडत राहिलो, शीला, आणि ही पोरगी आपल्या वादात कुठेच नव्हती. मी तिला थांबवलं आहे. ती आणि तिचा बाप आता माझ्या पुढच्या खोलीत जेवत आहेत. यजमानांनी वाढलं. उद्या सरकारी वसतिगृहात चौकशी करायची, तिथे झालं नाही तर काय करायचं ते माहीत नाही. ती इथे राहील का, किती दिवस राहील, शेजारी काय म्हणतील, सगळं डोक्यात फिरतंय.

डॉक्टरसाहेबांचा मघाशी फोन आला. म्हणाले, सुनंदाबाई, तुम्ही शोभेसं वागलात. यजमान म्हणाले, योग्य केलंस. राऊत काही बोलत नाहीत. म्हणजे कोणी स्तुती करतंय आणि कोणी अबोला धरतंय. पण माझ्यासमोर खुर्ची ओढून बसून, माझं कुठं चुकलं ते मला समजेपर्यंत भांडेल असं या गावात आता कोणी उरलेलं नाही.